दिवाणी की फौजदारी? शेतकऱ्यापुढचा पहिला प्रश्न

‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ ग्रामीण भागातील पोलिस ठाण्यात पायरी चढून गेलेल्या माणसाला हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते. ते उच्चारणाऱ्या अंमलदाराच्या दृष्टीने विषय तेथे संपतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेथून एका अनोळखी मुलखाची वेस सुरू होते. हे वाक्य कित्येकदा खरे असते आणि कित्येकदा केवळ सोयीचे असते. खरे कोणते आणि सोयीचे कोणते हे ओळखण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही, तो आधी जमीन गमावतो आणि मग दाद मागण्याची मुदतही गमावून बसतो. म्हणूनच दिवाणी आणि फौजदारी न्यायप्रक्रियेतील भेद हा केवळ वकिलांच्या व्यासंगाचा विषय राहत नाही. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात तो अर्थकारणाचा विषय होतो.

या भेदाचा एक धडा याच जिल्ह्यातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल. २००६ हे वर्ष विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांनी झाकोळलेले होते. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी त्या वर्षी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्या सहांत अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा यांच्या जोडीला बुलढाणाही होता. त्याच सुमारास खामगाव भागातील एका शेतकऱ्याने अवैध सावकारीची तक्रार पोलिसांकडे नेली. तक्रार होती खामगावचे तेव्हाचे आमदार दिलीप सानंदा यांच्या कुटुंबीयांविरुद्ध. तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. त्यांच्या कार्यालयातून ठाण्यात दूरध्वनी आला आणि त्याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत झाली. पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पोलिसांना सूचना मिळाली की, या कुटुंबाविरुद्धची तक्रार प्रथम जिल्हा सावकारीविरोधी समितीपुढे ठेवावी, जिल्हा सरकारी वकिलांचे मत घ्यावे आणि मगच पुढील निर्णय करावा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००९ साली ही सूचना बेकायदेशीर ठरवली आणि राज्य शासनाला २५,००० रुपयांचा खर्च सुनावला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. ए. के. गांगुली यांच्या पीठाने १४ डिसेंबर २०१० रोजी अपील तर फेटाळलेच, पण खर्चाची रक्कम २५ हजारांवरून १० लाखांवर नेली. घटनेची शपथ घेतलेल्या मुख्यमंत्र्याने एका विशिष्ट कुटुंबासाठी कायद्याच्या वाटेत वेगळे फाटक उभे करावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

या निकालाची बातमी गाजली ती त्यातील राजकारणामुळे. पण त्याचा खरा गाभा कायद्याच्या प्राथमिक संकल्पनांत आहे. या निकालात न्यायालयाने काय ठरवले नाही, हे आधी पाहिले पाहिजे. त्या कुटुंबाने अवैध सावकारी केली किंवा नाही, याचा निर्णय या अपिलात झालेला नाही. तो या अपिलाचा विषयच नव्हता. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे तत्त्व आमदाराच्या घरालाही तितकेच लागू आहे. न्यायालयाने ठरवले ते एवढेच की, तक्रार ऐकून घेण्याच्या पायरीवर तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, या दोघांची सामाजिक उंची मोजता येणार नाही. तक्रार नोंदवणे, तपास करणे, आरोप ठेवणे आणि दोषी ठरवणे या चार पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला लागणारा पुरावाही वेगळा आहे. पहिल्याच पायरीवर शेवटच्या पायरीचा पुरावा मागणे म्हणजे दार उघडण्यापूर्वीच निकाल देणे होय.

दोन न्यायालये, दोन प्रश्न

दिवाणी न्यायालयापुढचा प्रश्न असा असतो: हक्क कोणाचा? फौजदारी न्यायालयापुढचा प्रश्न असा असतो: गुन्हा घडला काय, आणि तो याच माणसाने केला काय? दिवाणी दाव्यात एक नागरिक वादी आणि दुसरा प्रतिवादी असतो. दावा चालवायचा की सोडून द्यायचा, तडजोड करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वादीचा. यशस्वी वादीला मिळतो तो हुकूमनामा. कधी पैशाचा, कधी जमिनीच्या कब्जाचा, कधी मनाईचा. फौजदारी खटल्यात सामान्यतः शासन हेच एका बाजूला उभे असते, आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस कायद्याच्या भाषेत प्रामुख्याने साक्षीदार ठरतो. गुन्हा हा एका व्यक्तीवरील अन्याय असतोच, पण तो साऱ्या समाजाच्या शांततेचाही भंग मानला जातो. म्हणूनच गंभीर गुन्ह्यात फिर्यादी आणि आरोपी यांनी परस्पर ‘मिटवून’ टाकले, तरी खटला आपोआप मिटत नाही.

या दोन प्रश्नांमुळे पुराव्याची मोजमापेही दोन झाली. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि तो सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. आरोपीने गप्प राहिले तरी चालते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, ही हमी राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. दिवाणी दाव्यात मात्र दोन्ही बाजूंचा पुरावा तराजूत घातला जातो, आणि ज्याची हकीकत अधिक संभवनीय वाटते त्याच्या बाजूने पारडे झुकते. पुण्यातील एका दांपत्याच्या वादात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी १९७५ साली हा भेद असा उलगडून दाखवला की, नंतरच्या असंख्य निकालांनी त्याचा आधार घेतला. वैवाहिक दावा कितीही गंभीर आरोपांचा असला तरी तो दिवाणीच आहे, आणि तेथे संभाव्यतेचे पारडे हाच निकष पुरे आहे, असे त्यांनी म्हटले.

संशयाचा फायदा म्हणजे कोणत्याही संशयाचा फायदा नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खून खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७३ साली बजावले होते की, निरपराध्याला शिक्षा होणे हा जसा न्यायाचा पराभव आहे, तसाच अपराधी सुटणे हाही आहे. ‘वाजवी’ या विशेषणाचे वजन तेथे आहे. कल्पनेतून उपजलेला संशय वाजवी नसतो. पुराव्यातून उरलेला संशय वाजवी असतो.

एकाच घटनेतून हे दोन्ही प्रश्न एकदम कसे उभे राहतात, याचे दारुण उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. अशा अपघातातून कायद्याच्या दोन वाटा फुटतात. चालकाचा निष्काळजीपणा दंडनीय होता काय, हा फौजदारी न्यायालयाचा प्रश्न. तेथे वाजवी संशयापलीकडची सिद्धता लागते. मृतांच्या वारसांना भरपाई किती मिळावी, हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा प्रश्न. तेथे संभाव्यतेचे पारडे पुरते. पहिल्या ठिकाणी आरोपी सुटला म्हणून दुसऱ्या ठिकाणचा दावा बुडत नाही. दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांचे निष्कर्ष परस्परांवर बंधनकारक नसतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५४ पासून पुनःपुन्हा सांगितले आहे. ‘कोर्टाने सोडले’ या शब्दांनी खचून जाऊन भरपाईचा अर्जच न करणारे वारस या अज्ञानाची किंमत मोजत असतात.

खरेदीखत आणि खरा व्यवहार

आता सावकारीकडे वळू. आर्थिक दृष्टीने पाहता व्यवहार साधा असतो. पेरणीच्या तोंडावर, मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी शेतकऱ्याला पैसे हवे असतात. बँकेचे जुने कर्ज थकलेले असल्याने नवे मिळत नाही. पैसे देणारा तारण म्हणून जमिनीचे खरेदीखतच लिहून मागतो. पैसे फेडले की जमीन परत, असे तोंडी ठरते. कधी त्याचा वेगळा कागद होतो, बहुधा होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताची नोंदणी होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावरचे नाव बदलते. शेतकऱ्याच्या मनात तो गहाणाचा व्यवहार असतो. कागदावर ती विक्री असते.

दिवाणी न्यायालयात हा शेतकरी जेव्हा जातो, तेव्हा त्याच्यापुढे पहिली भिंत उभी राहते ती पुराव्याच्या कायद्याची. लेखी दस्तऐवजाच्या अटी खोडून काढण्यासाठी तोंडी पुरावा सामान्यतः चालत नाही. दुसरी भिंत मालमत्ता हस्तांतरण कायद्याची. जमीन परत करण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच त्या व्यवहाराला सशर्त विक्रीचे गहाण म्हणता येते. ती वेगळ्या कागदावर असेल तर म्हणता येत नाही. १९२९ साली कायद्यात आलेल्या या एका तरतुदीने किती एकरांचा निकाल लावला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गहाण ठरले तर सोडवून घेण्यास तीस वर्षांची मुदत मिळते. विक्री ठरली आणि दस्त रद्द करून घ्यायचा असेल तर केवळ तीन वर्षांची. तेव्हा ‘दोन वर्षे थांब, नाव परत करून देतो’ हे आश्वासन काही वेळा केवळ गोड शब्द नसतात; ते मुदतीच्या घड्याळाशी केलेले संधान असते.

तरी या भिंतींना एक खिडकी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी गंगाबाई विरुद्ध छबुबाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दस्तऐवजाच्या अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालत नसला, तरी तो दस्त अंमलात आणण्याचा उभयतांचा हेतूच नव्हता आणि खरा व्यवहार निराळाच होता, हे दाखवण्यासाठी तो चालतो. पण खिडकी आहे याचा अर्थ वाट सोपी आहे असा नव्हे. जमिनीचा कब्जा कोणाकडे राहिला, सारा कोणी भरला, त्या वेळच्या बाजारभावाच्या मानाने किंमत किती लिहिली, व्याजापोटी पैसे दिल्याचा काही मागमूस आहे काय, या गोष्टींवर दाव्याचे भवितव्य ठरते.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक विषम समीकरण दिसते. दिवाणी न्यायालय कागदाला मान देते, आणि कागद सावकाराने लिहवून घेतलेला असतो. फौजदारी न्यायालय वाजवी संशयापलीकडची सिद्धता मागते, आणि त्या तत्त्वाचा लाभ आरोपीच्या पिंजऱ्यातील सावकाराला मिळतो. दोन्ही नियम स्वतंत्रपणे पाहिले तर निर्दोष आहेत. पण ज्याच्या हाती कागद नाही, साक्षीला येणारा शेजारी नाही आणि वकिलासाठी पैसा नाही, त्याला दोन्ही नियम सारखेच पाठमोरे होतात.

इतिहासाने दिलेले उत्तर

ही विषमता आजची नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची घरे गाठली, तेव्हा त्यांचा रोख होता रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. दख्खनच्या दंग्यांत कागद जाळले गेले, कारण दिवाणी न्यायालयात त्या कागदांना उत्तर देता येत नव्हते. जे दिवाणी न्यायालयात हरले होते, ते अशा रीतीने फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे-घेणे तपासण्याचा अधिकार दिला. तो मुंबई इलाख्यातील दख्खनच्या जिल्ह्यांसाठी होता. निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले वऱ्हाड त्याच्या कक्षेबाहेर राहिले. पण त्यामागील तत्त्व सर्वत्र लागू पडावे असे होते: जेथे दोन पक्षांची ताकद अतिशय असमान आहे, तेथे न्यायालयाने कागदाच्या अक्षरावर न थांबता व्यवहाराचे अंतरंग पाहिले पाहिजे.

महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा याच परंपरेत बसतो. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याची जागा त्याने घेतली. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत, आणि हे गुन्हे दखलपात्र केले आहेत. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळू शकत नाही. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम त्यात टिकून आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे अठरावे कलम. कर्जाचे तारण म्हणून गेल्या पंधरा वर्षांत सावकाराच्या हाती गेलेली स्थावर मालमत्ता, मग ती खरेदीखताने गेलेली का असेना, चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला मिळाला आहे. तोच या कायद्याखाली सावकारांचा जिल्हा निबंधक असतो.

म्हणजे एकाच व्यवहारातून आज तीन वाटा निघतात. परवान्याविना सावकारी, धमकी, बनावट सही यांसाठी पोलिस ठाणे. जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक. आणि मालकीच्या अंतिम वादासाठी दिवाणी न्यायालय. एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. उपनिबंधकाकडे अर्ज केला आहे, म्हणून पोलिसांनी गुन्हा नोंदवू नये, असे म्हणता येत नाही; आणि गुन्हा नोंदला गेला म्हणून सातबाऱ्यावरचे नाव आपोआप बदलत नाही. खामगावच्या प्रकरणात समितीचे फाटक उभे करणाऱ्यांनी नेमका हाच घोटाळा केला. समितीचे काम आणि पोलिसांचे कर्तव्य ही दोन असताना, एकाला दुसऱ्याचा दरवान बनवले गेले.

ठाण्याची बाजूही

पोलिसांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊन विरुद्ध पक्षाला धाकात घेण्याचा प्रघात देशभर वाढला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल अनेकदा नापसंती व्यक्त केली आहे. बांध कोरला, भागीदारीत बिनसले, उधारी थकली, की ‘फसवणूक झाली’ म्हणून ठाणे गाठायचे, हे न्याय मागणे नव्हे. फसवणुकीच्या गुन्ह्याला व्यवहाराच्या आरंभापासूनच अप्रामाणिक हेतू असावा लागतो. नंतर शब्द पाळता आला नाही, एवढ्याने तो गुन्हा होत नाही.

या नियमाचा सर्वांत मोठा लाभार्थी पुन्हा कर्जदार शेतकरीच आहे. कर्ज न फेडता येणे हा गुन्हा नाही. ऐपतच नसलेल्या कर्जदाराला हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी तुरुंगात टाकणे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली स्पष्ट केले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे शेतीची अवजारे, उपजीविकेस लागणारी गुरे आणि बियाणे जप्त करता येत नाहीत. जप्तीच्या नुसत्या शब्दाने विष जवळ करणाऱ्या माणसापर्यंत ही दोन वाक्ये वेळेवर पोचली तर किती अनर्थ टळतील!

परंतु याला एक घातक अपवाद आहे, आणि सावकारीच्या नव्या रीतीने तो नेमका हेरला आहे. न वटलेल्या धनादेशाचा व्यवहार १९८९ पासून दंडनीय झाला. धनादेशावरील सही कबूल असेल तर तो देण्यापोटीच दिला होता, असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. सही करून स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या धनादेशालाही हे गृहीतक लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. म्हणजे जेथे आरोपीने काहीच सिद्ध करायचे नसते, त्या फौजदारी न्यायालयात शेतकरी उभा राहतो तो सिद्धतेचा भार डोक्यावर घेऊन. दिलासा एवढाच की, त्याने हे गृहीतक खोडण्यासाठी संभाव्यतेचे पारडे झुकवले तरी पुरते. संशयापलीकडची सिद्धता त्याच्याकडून मागितली जात नाही. पण मुळात कोऱ्या धनादेशावर सही न करणे हाच सर्वांत स्वस्त बचाव होय.

चौदा दिवसांचा प्रश्न

ठाण्यात तक्रार नोंदवण्याचा प्रश्न २०१३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात निकालात काढला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कौटुंबिक, व्यापारी किंवा वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणे अशा काही वर्गांतच आधी प्राथमिक चौकशी करता येईल, असे त्या पीठाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १७३ व्या कलमाने एक नवी पायरी घातली आहे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलिस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते.

पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेची अवैध सावकारी नेमकी या पट्ट्यात मोडते. त्यामुळे २००६ साली जे फाटक तोंडी आदेशाने उभे राहिले, त्याच्या जवळपास दिसणारे एक दार आज कायद्यानेच ठेवले आहे. फरक आहे, आणि तो मोठा आहे. हे दार सर्वांसाठी सारखे आहे, त्याला वरिष्ठाची परवानगी लागते आणि त्याला चौदा दिवसांची कडी आहे. ती कडी प्रत्यक्षात वेळेवर निघते काय, हे पाहणे हेच आता जागरूक नागरिकाचे आणि वृत्तपत्रांचे काम आहे. तक्रार नाकारली गेल्यास तिचा मजकूर टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नोंदलेल्या तक्रारीची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे.

या स्थितीत काय करावे? पुराव्याचे निकष शेतकऱ्यासाठी सैल करावेत, अशी मागणी कधी कधी होते. ती आत्मघातकी आहे. संशयाचा फायदा आज सावकाराला मिळतो म्हणून तो काढून घेतला, तर उद्या खोट्या आरोपात अडकलेल्या शेतमजुराला तो कोठून मिळणार? निकष बदलण्यापेक्षा निकषापर्यंत पोचण्याची शेतकऱ्याची ताकद वाढवणे हाच खरा उपाय होय. परवानाधारक सावकाराने हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत आणि कर्जदाराला पावती दिली पाहिजे, असे कायदा सांगतो. तेव्हा पावती मागण्याची सवय, रोखीऐवजी बँकेतून व्याज देण्याची सवय, आणि खरेदीखतावर अंगठा उठवण्यापूर्वी ते वाचून घेण्याची सवय, या तीन गोष्टी हजार भाषणांहून अधिक मोलाच्या ठरतील. ठाणेदाराने ‘दिवाणी’ म्हणून तक्रार परत पाठवताना त्याचे कारण दोन ओळींत लिहून द्यावे, एवढा एक साधा दंडक पाळला गेला, तरी सोयीचे उत्तर आणि खरे उत्तर यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. तोंडी नकाराला अपील नसते. लेखी नकाराला असते.

वकिलाचा खर्च हे कारणही पुरतेपणी टिकत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या मर्यादेत, विनामूल्य वकील मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला त्याची समिती ही कायद्याने नेमलेली व्यवस्था आहे. तिचा पत्ता बाजार समितीच्या आवारात, सोसायटीच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असला पाहिजे. खताच्या दुकानाचा पत्ता प्रत्येकाला ठाऊक असतो. मोफत वकिलाचा का असू नये?

खामगावच्या निकालातील दहा लाखांची रक्कम न्यायालयाने राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जमा करावयास सांगितली होती, आणि ती गरीब शेतकऱ्यांच्या प्रकरणांसाठी राखून ठेवावी, असेही म्हटले होते. सत्तेच्या एका चुकीचा दंड ज्याच्यावर अन्याय होऊ शकतो त्याच्याच कायदेशीर मदतीकडे वळवावा, यात न्यायालयाची दूरदृष्टी दिसते. त्या निकालाने बुलढाण्याच्या शेतकऱ्याला जमीन दिली नाही, कर्जमाफी दिली नाही. ठाण्याच्या दारात त्याचे म्हणणे लिहून घेतले जाईल, एवढाच हक्क दिला. हा हक्क लहान दिसतो. पण पुढच्या साऱ्या हक्कांची सुरुवात त्याच पायरीवरून होते. आणि ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर मिळाल्यावर ‘तसे लिहून द्या’ एवढे म्हणण्याचे बळ ज्या दिवशी सामान्य माणसाला येईल, त्या दिवशी तो निकाल खऱ्या अर्थाने अंमलात आला असे म्हणता येईल.